कोकणातल्या गावातून फ्रीलान्सिंग: कामं अंगावर आली की हिशेब कसा लावायचा

प्रश्न थोडक्यात असा: गुहागर तालुक्यातल्या गावातून इंग्रजी-मराठी भाषांतर, सबटायटल आणि थोडं सोशल मीडियाचं काम चालतं. क्लायंट सहा, त्यांतले दोन परदेशी. रात्री दोनपर्यंत बसूनही तारखा चुकतात. पावसात लाईट आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही, पुढे गणपती आहेत. वेग वाढवायचा, मदतीला कुणी घ्यायचं, की चिपळूणला खोली घेऊन बसायचं?

वेग वाढवण्याचा विचार आधी सोडा. भाषांतराचा वेग वर्षभरात फार तर दहा-पंधरा टक्के सुधारतो, आणि अंगावर आलेलं काम बहुधा दीडपट असतं. गडबड होते ती तारीख कबूल करताना. हातात खरे तास किती आहेत हे न मोजता ‘हो, शुक्रवारी देतो’ म्हटलं जातं, आणि पुढचं सगळं जागरण त्या एका वाक्याचं असतं.

सगळ्यात आधी आजची आग. एक कोरा कागद घ्या, कुठलंही अ‍ॅप नको. प्रत्येक कामासमोर चार गोष्टी लिहा: किती उरलंय, त्याला किती तास लागतील, आपल्या घड्याळाप्रमाणे कबूल केलेली वेळ, आणि ते उशिरा गेलं तर पुढे कोण खोळंबणार. चौथा रकाना लोक लिहितच नाहीत, आणि निर्णय त्यावरच ठरतो.

उदाहरण घेऊ. सोमवार सकाळ आहे. हातात ६,००० शब्दांचं भाषांतर, ४० मिनिटांच्या व्हिडिओचं सबटायटल, १२ पोस्ट आणि दुसऱ्याने केलेल्या ३,५०० शब्दांची तपासणी. स्वतः एकदा वाचून देण्यासकट भाषांतर तासाला साधारण ३०० शब्द होतं, म्हणजे २० तास. ऐकून, भाषांतर करून, टायमिंग लावून सबटायटलला व्हिडिओच्या एका मिनिटामागे दहा मिनिटं धरा. ते झाले सात तास. पोस्टला अर्धा तास प्रत्येकी, सहा तास. तपासणी तासाला ८००-९०० शब्दांनी होते, चार तास. बेरीज ३७. ईमेल, शंका, बिलं यांचे चार मिळवा, ४१.

आता समोरची बाजू. दिवसाला नऊ तास खुर्चीत बसणाऱ्याच्या हातून पैसे मिळतील असं काम पाच ते सहा तासच होतं. पाच दिवसांचे झाले साडेसत्तावीस. साडेतेरा तासांचं काम या आठवड्यात बसतच नाही, आणि हे सोमवारी सकाळीच दिसतंय. रात्री जागून ते बसवू म्हणाल, तर अकरानंतर केलेल्या भाषांतरातल्या चुका दुरुस्त्या बनून गुरुवारी परत येतात आणि गुरुवारचे तास खातात.

मग काय हलवायचं? आपल्याकडे सवय अशी की जो क्लायंट स्वभावाने गरीब, त्याचं काम मागे ढकलायचं आणि जो फोन करकरून डोकं खातो त्याचं आधी करायचं. यात चांगली गिऱ्हाइकं जातात आणि तापदायक उरतात. पुढे माणूस खोळंबलेला नसेल ते काम हलवा. व्हिडिओ शुक्रवारी प्रसिद्ध होणार असेल तर सबटायटल जागचं हलणार नाही. पण १२ पोस्टपैकी या आठवड्यात लागणार आहेत चारच. आठ पुढे गेल्या, चार तास सुटले. भाषांतराच्या ६,००० शब्दांतले ३,००० बुधवारी दिले तर एजन्सीचा तपासनीस कामाला लागतो आणि उरलेले पुढच्या मंगळवारी चालतात. दहा तास सुटले. ४१ वजा १४, म्हणजे २७. बसलं.

तारीख हलवायचा निरोप जितका लवकर, तितका स्वस्त. मुदतीचा निम्मा काळ शिल्लक असताना गेलेला निरोप म्हणजे नियोजन. मुदतीच्या दिवशी संध्याकाळी गेला की ती सबब. त्यात लाईट, पाऊस, घरातलं आजारपण काही घालू नका. कारण खरं असलं तरी क्लायंटला त्याचा उपयोग नसतो, आणि तिसऱ्यांदा ऐकलं की त्याला तुमचा पत्ताच अडचणीचा वाटू लागतो. मजकूर एवढाच पुरे:

‘नमस्कार मॅडम, फाइल १ व २ (३,००० शब्द) बुधवारी संध्याकाळी ६ पर्यंत पाठवते, म्हणजे तपासणी सुरू करता येईल. फाइल ३ व ४ मंगळवारी दुपारी १२ पर्यंत येतील. शुक्रवारीच सगळं लागणार असेल तर आज दुपारपर्यंत कळवा, त्याप्रमाणे बाकीची कामं लावते.’

माफी नाही, कहाणी नाही. काय मिळेल, कधी मिळेल आणि अडचण असेल तर कधीपर्यंत सांगायचं, एवढंच. परदेशी क्लायंटलाही हाच क्रम. फायव्हरसारख्या फ्रीलान्स कामाच्या वेबसाइटवर नुसता मेसेज पुरत नाही. मुदतवाढीची रीतसर विनंती पाठवून समोरच्याने ती मान्य करावी लागते, नाहीतर तिथलं घड्याळ चालूच राहतं आणि उशीर तुमच्या नावावर चढतो.

हा झाला एका आठवड्याचा उपचार. दर सोमवारी हेच करायचं नसेल तर स्वतःचे आकडे हवेत. दोन आठवडे प्रत्येक कामाची सुरुवात आणि शेवट लिहा. क्लॉकिफायसारखं वेळ नोंदवणारं फुकट साधन चालेल, वहीही चालेल. अंदाज आणि प्रत्यक्ष तास शेजारी शेजारी. बहुतेकांचा अंदाज तीस-चाळीस टक्क्यांनी कमी निघतो, आणि चूक एकाच दिशेला असते: कामाचे तास बरोबर धरलेले असतात, पण फाइल उघडणं, संदर्भ शोधणं, नावं बदलणं, पाठवणं धरलेलं नसतं. तुमचा गुणक (प्रत्यक्ष तास भागिले अंदाज) १.४ निघाला तर पुढच्या प्रत्येक अंदाजाला १.४ ने गुणा. मन मानत नाही, तरी गुणा.

आता कोकणाचा भाग, कारण पुण्यात बसून दिलेले सल्ले इथे अर्धेच लागू पडतात. तिथे सांगतात, रोज एक तास राखीव ठेवा. आपल्याकडे लाईट रोज वीस-वीस मिनिटं जाऊन तास भरत नाही; जाते तेव्हा आख्खा दिवस जाते, कधी दोन. अंजनवेलचा वीजप्रकल्प तुमच्याच तालुक्यात असला तरी तुमच्या वाडीची लाईट येते ती झाडापेडांतून जाणाऱ्या ११ केव्हीच्या लाईनवरून, आणि वाऱ्याला एक फांदी पुरते. म्हणून राखीव वेळही सलग हवा: आठवड्यातला अर्धा दिवस, शक्यतो शुक्रवारची दुपार, पूर्ण मोकळा. काही बिघडलं नाही तर त्या वेळात बिलं आणि पुढच्या कामाच्या चौकशा उरकाव्यात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तासांच्या साठ टक्क्यांपर्यंतच काम कबूल करावं, एरवी पंचाहत्तरपर्यंत चालतं. वरच्या हिशेबाने पावसाळ्यात आठवड्याला सोळा-सतरा तास. आकडा ऐकून पोटात गोळा येतो हे खरं, पण चुकलेल्या तारखांची आणि फुकट दुरुस्त्यांची किंमत त्यात धरलेली नसते.

इन्व्हर्टरच्या बाबतीत ‘१५० एएच (अँपिअर-तास) बॅटरी आहे, रात्रभर चालेल’ हा गैरसमज फार. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी नेहमी निम्म्याच्या खाली नेली तर लवकर मरते, म्हणजे ९००. इन्व्हर्टरची घट पंधरा-वीस टक्के काढली की हातात साडेसातशेच्या आसपास. लॅपटॉप ५०, राउटर आणि फायबरचा डबा मिळून १५, छताचा जुना पंखा ७०, दिवा ९: साधारण १४५ वॅट, म्हणजे पाच तास. पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, घेतलात तर तो तीसच वॅट खातो आणि हेच पाच तास सात होतात. बॅटरी मोठी घेण्याआधी पंखा बदला. फ्रिज आणि मिक्सर त्या लाईनवर नसल्याची खात्री वायरमनकडून एकदा करून घ्या. घरच्यांनी नकळत जोडलेलं असतं.

दोन बारीक गोष्टी. लाईट गेली की लॅपटॉप चालू राहतो, पण राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि कॉल तुटतो. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि इको असा खटका असतो, तो यूपीएसवर ठेवा. लाईनीवरून बॅटरीवर जाताना लागणारा वेळ त्याने कमी होतो. तरीही राउटर पडत असेल तर राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, तो लावा. दुसरं, खाऱ्या हवेने बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी चढते आणि चार्जिंग अर्धवट होतं. आगोटीच्या (पावसाळ्याच्या तोंडाच्या) आधी टर्मिनल स्वच्छ करून व्हॅसलिन लावा, डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहा.

विजांचा धोका मे अखेरीला आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात जास्त. फायबरची तार काचेची, तिच्यातून सहसा वीज येत नाही. येते ती अ‍ॅडॅप्टरमधून. गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

नेटसाठी फायबर एका कंपनीचं आणि मोबाइल दुसऱ्या कंपनीचा हवा. पण लाईट गेल्यानंतरचा क्रम त्याहून महत्त्वाचा. टॉवरलाही बॅटरी असते आणि तीही संपते. म्हणजे लाईट गेल्यावर पहिले काही तास नेट असतं, नंतर तेही जातं. लोक त्या तासांत लॅपटॉपवरचं काम उरकत बसतात आणि पाठवायची वेळ येते तेव्हा फोनवर रेंज नसते. क्रम उलटा ठेवा: लाईट गेली रे गेली की तयार असेल ते आधी पाठवा, पुढच्या कामाच्या फाइली आणि संदर्भ उतरवून घ्या, क्लायंटला एका ओळीचा निरोप टाका. मग निवांत ऑफलाइन काम. गुगल डॉक्समध्ये ऑफलाइनची सोय आधीच चालू करून ठेवावी लागते. नेट गेल्यावर ती चालू करता येत नाही.

पाठवायला लागणारा वेळही मुदतीत धरा. २ जीबीचा व्हिडिओ ५ एमबीपीएसच्या अपलोडला तासभर घेतो, तोही तार न तुटता. व्हिडिओ असेल तर आधी लहान आकाराची प्रत पाठवावी, मोठी पहाटे. ६,००० शब्दांची वर्ड फाइल मात्र मरतुकड्या नेटवरही जाते. पावसाळ्यात मजकुराची कामं जास्त आणि व्हिडिओची कमी घ्यावीत, याचं हे साधं कारण.

हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा रोज सकाळी पाहत चला. रत्नागिरीला ऑरेंज लागला की त्या दिवशीचं पहिलं काम म्हणजे सगळं चार्ज करणं आणि झालं असेल तेवढं पाठवून देणं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तसल्या प्रसंगाला इन्व्हर्टर पुरत नाही. तेव्हा लागतं ते एवढंच: क्लायंटचे फोन नंबर कागदावर, आणि ज्याच्याकडे काम सोपवता येईल असा कोकणाबाहेरचा एक सहकारी.

परदेशी क्लायंटच्या ‘ईओडी’वर (एंड ऑफ डे, दिवसअखेर) काम घेऊ नका, दिवस कुणाचा, हे त्यात लिहिलेलं नसतं. न्यूयॉर्कचे शुक्रवारचे पाच म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात शनिवारी पहाटेचे अडीच, हिवाळ्यात साडेतीन. प्रत्येक कबुलीत भारतीय वेळ लिहा आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा म्हणा. उन्हाळ्यात तेव्हा तिथे सकाळचे साडेआठ असतात, म्हणजे क्लायंट येऊन बसेपर्यंत फाइल पोचलेली. पहाटेपर्यंतचा वेळ ही तुमची गुपचूप शिल्लक, ती सांगायची नसते. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, ब्रिटनची मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. दोन्हीकडे क्लायंट असतील तर मधल्या आठवड्यांत ठरलेले कॉल एकमेकांवर येतात.

गणपती. चाकरमानी आले की घर भरतं आणि गावचा टॉवरही भरतो. संध्याकाळी सात ते अकरा नेट नावालाच. त्या दिवसांत कामाची खरी वेळ पहाटे पाच ते आठ, आणि तीही घरात पाच दिवसांचे किंवा गौरी-गणपती असतील तर रोज मिळेलच असं नाही. महिनाभर आधी सगळ्या क्लायंटना तारखा कळवा आणि त्या आठवड्यात मुदतच ठेवू नका. शिमग्यात पालखी घरी येते ते दोन दिवस, घरची शेती असेल तर जुलैतली लावणी, आंब्याची कलमं असतील तर एप्रिल-मे, हेही जानेवारीतच कॅलेंडरवर टाका. फायव्हरवर सुट्टी लावली की नवी कामं थांबतात, हातातल्यांची मुदत थांबत नाही. सुट्टी लावायची ती शेवटची फाइल गेल्यावर.

आता नवीन काम घेण्याबद्दल. विचारणा आली की लगेच हो म्हणू नका. ‘तासाभरात तारीख कळवते’ म्हणा आणि कागद पाहा. बसत असेल तर तारीख द्या. बसत नसेल पण क्लायंट चांगला असेल तर पुढची तारीख द्या. घाईच असेल तर २५ ते ५० टक्के जादा दर सांगा, आणि तो मान्य झाल्यावरच दुसरं काहीतरी हलवा. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, हे कामाच्या सुरुवातीलाच लिहून द्या. तिसऱ्या फेरीचे पैसे मागायला अवघड वाटतं, कारण आधी लिहिलेलं नसतं.

सहापैकी एक क्लायंट बहुधा सोडावा लागेल. कोणता, ते तासाच्या कमाईवरून ठरवा. महिना १२,००० देणारा, पण निरोप-दुरुस्त्या धरून ३० तास खाणारा तासाला ४०० देतो. ९,००० देऊन १५ तासांत संपणारा ६०० देतो. रक्कम मोठी दिसते म्हणून पहिला टिकतो आणि दुसरा तुमच्या उशिरांना कंटाळून जातो. फायव्हर आपला २० टक्के वाटा कापून घेतं, तेव्हा तिथली रक्कम आधी ०.८ ने गुणा. सोडताना महिनाभराची सूचना द्या आणि हातातलं पुरं करून द्या. रांग सतत तीन आठवड्यांच्या पुढे जात असेल तर सोडण्याआधी दर वाढवून पाहा. एखाददुसरा आपणहून जातो, राहिलेल्यांचे पैसे वाढतात.

पैशांच्या भीतीनेही कामं जास्त घेतली जातात, ते उघड बोलायला हवं. अपवर्क या फायव्हरसारख्याच साइटवर ठोक कामाचा टप्पा सादर केल्यावर क्लायंटने काहीच केलं नाही तर पैसे १४ दिवसांनी आपोआप सुटतात आणि त्यानंतरही पाच दिवस ते साइटकडे अडकून राहतात. मोठं काम एकाच टप्प्यात घेतलंत तर महिनाभर हातात काही येत नाही आणि त्या रिकामपणात नवी कामं उचलली जातात. टप्पे लहान करा. मेपर्यंत तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला तर जुलैत ‘नाही’ म्हणणं जमतं.

मदतीला माणूस घेण्याबद्दल: एजन्सीच्या करारात बहुतेकदा काम दुसऱ्याला देण्याची मनाई असते, आधी तो वाचा. आपलं लॉगिन दुसऱ्याला देऊन काम करून घेणं कुठल्याही प्लॅटफॉर्मवर चालत नाही. खातंच बंद होऊ शकतं. सुरक्षित वाटणी अशी: भाषांतर तुमच्याकडे, क्लायंटची हरकत नसेल तर सबटायटलचं टायमिंग, फाइलींची मांडणी आणि पोस्टची चित्रं मदतनीसाकडे. पहिल्या महिन्यात वेळ वाचणार नाही, उलट शिकवण्यात जाईल. म्हणून ऐन गर्दीत माणूस शोधू नका, फेब्रुवारीत शोधा.

राहिली चिपळूणची खोली. गेल्या पावसाळ्यात लाईट-नेटमुळे महिन्याला किती तास गेले ते काढा आणि तासाच्या कमाईने गुणा. ३० तास आणि ५०० रुपये धरले तर १५,००० होतात. खोली, नेट आणि जेवण त्यात बसत असेल तरच विचार करा. इन्व्हर्टर आणि दुसरं सिमकार्ड झाल्यावर हे तास दहावर येतील असा अंदाज आहे, मग ५,००० साठी घर सोडण्यात राम नाही. आधी एक पावसाळा तसा काढून पाहा. तरीही खोली घ्यायचीच ठरली तर बाजारपेठेत तळमजला घेऊ नका; २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी तिथे पहिल्या मजल्यापर्यंत चढलं होतं. चढावरची वस्ती, दुसरा मजला, आणि भाडं ठरवण्याआधी त्याच खोलीत उभं राहून दोन्ही सिमचा अपलोडचा वेग मोजा.